कोरेगाव पार्क : नदीकाठची वस्ती

पुण्यात संगमाजवळ मुळा आणि मुठा एकत्र येतात. तिथून मुळा-मुठा या नावाने नदी पूर्वेला वाहते आणि पुढे भीमेला मिळते. तिच्या दक्षिण काठावर, बंडगार्डनच्या पुढे मुंढव्याच्या दिशेने कोरेगाव पार्क पसरले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानिकांनी आणि श्रीमंत कुटुंबांनी इथे प्रशस्त बंगले बांधले. इथल्या गल्ल्या आजही क्रमांकांनीच ओळखल्या जातात आणि जुन्या वडांच्या पारंब्या रस्त्यावर लोंबतात. १९७४ मध्ये रजनीश आश्रम आला, त्यामागोमाग परदेशी साधक आणि बेकऱ्या आल्या. पुढे बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वड टिकले, हे या वस्तीचे मोठेच भाग्य.

पश्चिमेच्या टोकाला बंडगार्डन आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५० च्या सुमारास नदीवर बंधारा झाला आणि बागेलाही त्याचेच नाव पडले. महात्मा गांधी उद्यान हे तिचे आजचे नाव फारसे कोणाच्या तोंडी नाही. शेजारचा दगडी फिट्झगेराल्ड पूल वाहनांना बंद असून आता पायी फिरणाऱ्यांसाठी आहे.

वस्तीतली सर्वांत शिकण्यासारखी जागा मात्र ओशो तीर्थ उद्यान. सुमारे १२ एकरांचा हा पट्टा पूर्वी सांडपाण्याचा नाला होता. नाला बुजवून वर बाग करणे सोपे होते. इथे प्रवाह मोकळा ठेवून पाणी स्वच्छ करण्यात आले आणि दोन्ही काठांना बांबू व झाडे लावून मधून पायवाट काढली गेली.

नदीचे दुखणे याहून मोठे आहे. समोरच्या काठावर, कल्याणीनगरच्या बाजूला, लोक ज्याला सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतात तिथे हळदीकुंकू बदके आणि लांब लाल पायांचे शेकाटे दिसतात. शेकाट्यांची गर्दी पाहून नदी निरोगी आहे असे मानणे चूक ठरेल. सांडपाण्याने समृद्ध झालेल्या गाळात किडे-अळ्या वाढतात आणि शेकाटे त्यांवरच जगतात.

महापालिकेच्या सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पातील सुरुवातीच्या टप्प्यांत हाच भाग येतो. काठावर सलग पादचारी मार्ग आणि सायकलमार्ग देण्याची योजना आहे. झाडे तुटतील, भरावाने पात्र आक्रसेल आणि धरणांतून विसर्ग वाढला की पुराचे पाणी वस्तीत शिरेल, असे पर्यावरण कार्यकर्त्यांचे आक्षेप आहेत. सांडपाणी शुद्ध करण्याचे काम काठ सजवण्याआधी पूर्ण व्हावे, ही त्यांची मागणी रास्तच आहे.