एका कानाचे गाणे, दोन कानांचे गाणे

आपल्या घरातल्या जुन्या तबकड्यांत बीटल्सची एखादी असेल, थोरल्या काकांनी कॉलेजात असताना घेतलेली वगैरे, तर आधी तिच्या लेबलावरचा क्रमांक पाहा. ब्रिटिश पार्लोफोन कंपनीच्या त्या काळातल्या लाँगप्लेवर क्रमांकाआधी ‘पीएमसी’ असेल तर ती मोनो, ‘पीसीएस’ असेल तर स्टिरिओ. मुखपृष्ठ तेच, गाणी तीच. पण आतला आवाज एकच असेल असे मात्र समजू नका.

मोनो म्हणजे जुने, गरीब तंत्र आणि स्टिरिओ म्हणजे त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती, अशी पुष्कळांची समजूत असते. माझीही होती. वस्तुतः ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९३१ साली. साठच्या दशकात तंत्र हाताशी होतेच, पण पॉप संगीत घेणाऱ्या इंग्रज पोरांच्या घरी असे ते एका स्पीकरचे यंत्र, आणि रेडिओही मोनोच. त्यामुळे मेहनत व्हायची ती मोनो मिश्रणावर. १९६७च्या ‘सार्जंट पेपर’चे मोनो मिश्रण होत असताना ते चौघे हजर होते, स्टिरिओचे काम निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिअभियंता जेफ एमेरिक यांनी त्यांच्या गैरहजेरीत, पुष्कळ कमी वेळात उरकले.

याचा परिणाम कानाला कळतो. त्याच तबकडीवरचे ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत अधिक जलद आहे आणि जवळजवळ अर्ध्या स्वराने चढे. स्टिरिओत ते उतरलेले, संथ आणि थोडे रडवे वाटते. पेटीवर सूर धरून पाहा, शंका राहणार नाही. १९६८च्या ‘हेल्टर स्केल्टर’मध्ये तर शेवटी ढोलवादक रिंगो बोटांना फोड आल्याचे ओरडतो ते फक्त स्टिरिओत, मोनो त्याआधीच संपते. तेव्हा ही एका गाण्याची दोन रूपे नव्हेत, दोन निर्णय आहेत. अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या माणसाने दोन्ही खरे म्हणावे, पण ‘सार्जंट पेपर’पुरता मी मोनोच्या बाजूचा. जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांनी २०१७ साली त्याचे नवे स्टिरिओ मिश्रण केले, तेव्हा त्यांनीही डोळ्यांपुढे जुने मोनोच ठेवले.

आता कानांकडे येऊ. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. खोलीत दोन स्पीकर असले तरी प्रत्येकाचा आवाज दोन्ही कानांत जातोच. हेडफोनमध्ये ती सोय नाही. डावे ते डाव्यातच राहते. १९६५च्या ‘रबर सोल’च्या स्टिरिओत गायन बहुतांशी उजवीकडे आणि वाद्ये डावीकडे आहेत. दिवाणखान्यात हे खपून जाते. हेडफोन लावला की गायक एका कानाशी येऊन बसतो.

माझ्या बाबतीत तो बसेनासा झाला. ‘नोव्हेअर मॅन’मधले आवाज दुरून आल्यासारखे वाटू लागले, म्हणून मी हेडफोनला दोष दिला आणि नवा आणला. तोही तसाच. दवाखान्यात उजव्या हाताला बसणाऱ्या रुग्णांना मी पुन्हा पुन्हा “काय म्हणालात?” विचारतो आहे, हे त्यानंतर ध्यानात आले. कान माझाच मंदावला होता.

मोनो तबकडी इथे कामाला येते. हेडफोनवर मोनो गाणे दोन्ही कानांत सारखेच जाते, म्हणून ते डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवे. ते एका बाजूला झुकले, तर हेडफोनच्या वाट्या अदलाबदल करून लावा. झुकाव उलट्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा. होता तिथेच राहिला तर कान तपासून घ्या. एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले असेल तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. तिथे आमच्या साबुदाण्याच्या गोळ्यांची वाट पाहू नका, हे मी होमिओपॅथ असूनच सांगतो.

बीच बॉइजचा ब्रायन विल्सन याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. १९६६चा ‘पेट साउंड्स’ त्याने मोनोतच रचला. त्याचे खरे स्टिरिओ मिश्रण १९९७ साली बाहेर आले, म्हणजे तीस वर्षे जगाने ते संगीत एका कानाच्या माणसाने ऐकले तसेच ऐकले. मोनोत वाद्यांना डावी-उजवी जागा देता येत नाही. एकावर एक चढलेल्या त्या सुरांतून प्रत्येकाला वाट करून द्यायची ती आवाजाची पातळी आणि पोत यांच्या जोरावर. ते त्याने कसे साधले असेल, याचे मला अजून नवल वाटते.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ अशी सोय असते. ती चालू केली की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत येतो. मी ती वापरतो, गायक परत आला. पण हे मूळ मोनो मिश्रण नव्हे. स्टिरिओत जे मधोमध होते ते दोन्हींकडून बेरीज होऊन जरा पुढे येते, आणि ‘शीज लीव्हिंग होम’ संथ ते संथच राहते. जलद गाणे हवे असेल तर मूळ मोनोच ऐकायला हवे. २००९ साली निघालेल्या मोनो संचात ते आहे, किंवा काकांच्या त्या तबकडीवर, ‘पीएमसी’ असेल तर.