आमच्या बाबांचा संघ

मुलांनो, भातं कापून झाली, मळणी उरकली, दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, की आमच्या महाड-पोलादपूरकडे गावोगावी एक वेगळंच काम निघतं. रिकाम्या झालेल्या एखाद्या सपाट शेतातली धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं आणि चोपण्याने जमीन चोपून चोपून अंगणासारखी करायची. मग दोरी धरून १३ मीटर लांब, १० मीटर रुंद चौकोन आखायचा आणि त्यावर पांढरी फक्की मारायची. झालं कबड्डीचं मैदान! रात्री दिवे लागतात. गावातलाच कुणीतरी माईकवर घसा बसेपर्यंत समालोचन करतो. आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं येतात. पूर्वी कंदील घेऊन यायची, मग बॅटऱ्या आल्या, आता मोबाइलचा उजेड.

संघांची नावं ऐकलीत तर मजा वाटेल. भैरवनाथ, वाघजाई, सोमजाई, जय हनुमान! म्हणजे जे गावच्या देवाचं नाव तेच बहुतेक वेळा संघाचं. त्यामुळे संघ बदलायचा म्हणजे देवच बदलण्यासारखं. एखाद्या पोराला विचारा, "तुझा संघ कुठला?" तो असा बघतो, जणू तुम्ही त्याचं आडनावच विचारलंत. त्याने तो निवडलेला नसतोच. आजोबा त्या संघाचे, बाबा त्या संघाचे, म्हणून तोही. बाप कोपऱ्याला खेळायचा म्हणून पोरगाही कोपऱ्याला उभा राहतो, मग त्याचं अंग चढाईचं का असेना!

पण ज्यांच्याकडून हा संघ मिळाला ते बाबाच नसतील तर? हा प्रश्न मला नेहमी पडतो, कारण माझे बाबा २०१३ साली गेले.

बाबा पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावचे उजवे कोपरारक्षक. आमच्याकडची पुष्कळ माणसं तेव्हा मुंबईला गिरणीत असायची, तसे तेही लालबागच्या बाजूला गिरणीत होते. गावच्या माणसांची तिथे एक खोली होती. पाळीपाळीने वीस-पंचवीस जण तिच्यात राहायचे. पाळी सुटली की कबड्डी! गिरणगावात गल्लोगल्ली कबड्डीची मंडळं होती. शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले, की मुंबईत शिकलेले डाव गावच्या मातीत उतरायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. तो लांबतच गेला आणि हजारो माणसांसारखे बाबाही गावी परतले. गिरणीची नोकरी गेली, पण उजवा कोपरा राहिला.

कोपऱ्याचं काम काय असतं माहीत आहे ना? समोरच्या संघातला एक गडी 'कबड्डी कबड्डी' असा दम घुमवत तुमच्या अंगणात येतो. त्याला ३० सेकंद असतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते, ती त्याला एकदा तरी ओलांडावीच लागते किंवा कुणाला तरी शिवावं लागतं. तो पाय आत टाकतो तोच क्षण कोपऱ्याचा! वाकायचं आणि घोटा धरायचा. एक पळभर लवकर हात घातला तर स्वतःच बाद, उशीर झाला तर गडी पसार. बाबा म्हणायचे, डोळे त्याच्या तोंडाकडे नाही, गुडघ्याकडे ठेवायचे. तोंड फसवतं, गुडघा फसवत नाही.

या खेळाला आपल्याकडे पूर्वी हुतुतू म्हणत. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले, त्यात कबड्डीही होती. पुढे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकलं. मी तेव्हा दोन वर्षांची होते. आई सांगते, बातमी रेडिओवर ऐकून बाबांनी वाडीभर पेढे वाटले होते, आणि पैसे उधार आणले होते!

बरं, हे वेड फक्त कोकणातलं असंही समजू नका. कोल्हापुरात फुटबॉलचं असंच आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असे तिथले संघ पेठांचे नि तालमींचे आहेत. ज्या पेठेत जन्मलात त्या पेठेचा संघ तुमचा. शाहू स्टेडियमवर सामना असला की आजोबा, बाप, नातू एकाच बाजूला बसतात. कधी कधी भांडणंही वारशाने येतात, हेही सांगून टाकते. आमच्याकडेही दोन वाड्यांची वीस वर्षांपूर्वीच्या एका गुणावरून अजून बोलाचाली नाही. तो गुण कुणाचा होता हे आजच्या पोरांना विचाराल तर धड सांगता येत नाही, पण तोंड फिरवतात मात्र झटक्यात.

आणि तिकडे अमेरिकेत ग्रीन बे नावाचं एक गाव आहे. वस्ती लाखाच्या थोडी वर, म्हणजे तिथल्या मानाने छोटंसंच. त्यांच्या 'पॅकर्स' नावाच्या संघाला कुणी एक शेठ मालक नाही. १९२३ पासून तो लोकांच्या मालकीचा आहे आणि आज त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. त्या भागावर नफ्याचा एक पैसा मिळत नाही. तो बाजारात विकताही येत नाही, घरच्या माणसाला मात्र देता येतो. आई किंवा वडील गेले की मुलाकडे घराची कागदपत्रं येतात ना, तसा तिथे संघाचा कागद येतो! आमच्याकडे कागद नाही. आमच्याकडे नुसती आरोळी येते.

बाबा गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, २६ जुलै २०१४ ला, प्रो कबड्डी सुरू झाली. आपला यू मुंबा पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला आणि २०१५ ला जिंकला. मॅटवर चकाकते बूट घालून कबड्डी खेळतात, कप्तानाचं नाव अख्खा देश घेतो, हे बाबांना बघायला मिळालं नाही. मी सामने बघते, यू मुंबाला टाळ्याही वाजवते. पण यू मुंबाचा तेव्हाचा कप्तान अनुप कुमार हरियाणाचा. चांगला खेळाडू, शंकाच नाही! तरी तो काही आमच्या लग्नात जेवायला वाढायला नव्हता. गावच्या संघातला डावा कोपरा होता.

आता माझी खरी पंचाईत सांगते. मी लग्न होऊन महाडला आले. सासरच्या गावाचाही संघ आहे आणि तोही तगडा. घरातल्या देवाला नमस्कार करायचा तसा सासरचा संघही आपला म्हणायचा, ही रीत. आणि चार वर्षांपूर्वी एका स्पर्धेत अंतिम फेरीला समोरासमोर कोण? माहेर आणि सासर! सासूबाई शेजारी बसलेल्या. त्यांनी हळूच विचारलं, "काय गं सूनबाई, आज टाळी कुणाला?" मी म्हटलं, "आई, चांगल्या पकडीला." त्या हसल्या. शेवटची चढाई आली तेव्हा माहेरचा संघ एकाच गुणाने मागे होता. सासरच्या गड्याने पाय आत टाकला, आमच्या उजव्या कोपऱ्याने घोटा धरला आणि तो सुटला. आणखी एक गुण गेला. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "हरलो!" माझा नऊ वर्षांचा मुलगा वळून म्हणाला, "अगं आई, आपण जिंकलो ना?"

पण सासूबाई त्याला म्हणाल्या, "गप रे. तिच्या बाबांचा संघ आहे तो."

सामना संपल्यावर बाबांच्या संघातले एक म्हातारे काका काठी टेकत माझ्याकडे आले. म्हणाले, "तुजा बापूस असता ना पोरी, तर त्यो घोटा सुटला नसता." मग तिथेच बाकावर बसून त्यांनी मला बाबांची एक गोष्ट सांगितली, जी मी कधीच ऐकली नव्हती. एका सामन्यात बाबांच्या पकडीत समोरच्या गड्याचा पाय मुरगळला. बाबा सामना संपल्यावर त्याला पाठीवर घेऊन दोन कोस चालत त्याच्या घरी पोचवून आले. घरी आल्यावर ते काही बोलले नसणार. आईलाही हे ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे त्या संघाचा एकच फोटो होता, काळा-पांढरा. बाबा गेल्यावर आईने तो मला दिला. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या महाडच्या घरात डोक्याच्या वर पाणी होतं. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून कितीतरी माणसं गेली. आमचं तर नुसतं सामान गेलं, तेव्हा फोटोचं काय घेऊन बसायचं असं मी तेव्हा म्हटलं. चिखलातून चौकट निघाली, आतला कागद पांढरा झाला होता. त्या रात्री बाकावर मी काकांना ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं मोडत सुरू केलं. उभे डावीकडून पहिला कोण, दुसरा कोण, खाली बसलेले कोण, कुणाच्या अंगात उसना बनियन होता, ढाल कुणाच्या मांडीवर होती. सगळे गडी सांगितले. मी मागच्या पावतीवर ते लिहून घेतलं. माझ्या मुलाने घरी आल्यावर त्यावरून चित्र काढलं. आजोबा त्याने सगळ्यांत उंच काढलेत. खरं तर ते सगळ्यांत बुटके होते.

आता आमच्या गावात मुलींचाही संघ उतरतो. त्यांच्यासाठी मैदान १२ बाय ८ मीटरचं आखतात. २०२३ मध्ये हांगझौला आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून आशियाई सुवर्णपदक आणलं, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलींनी दप्तरं टाकून शाळेच्या पटांगणातच फक्की मारली.

यंदा सुट्टीत गावी गेलात तर एक करा. बाबा किंवा आजोबा, आई किंवा आजी कुठल्या संघात खेळायचे, ते विचारा. ते नसतील तर त्यांच्या संघातल्या दुसऱ्या कुणाला विचारा. कुठल्या जागेवर खेळायचे? कुठला डाव आवडायचा? हरल्यावर काय करायचे? आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा, पावतीवर नको.

बाबांच्या संघातले चौघे आज हयात आहेत. गावातल्या दोघांकडे मी जाऊन आले. उरलेले दोघे अजून लालबागलाच असतात, मे महिन्यात येतात गावी.