मुलाच्या पोटगीचा करार

पोटगी म्हटले की आपल्याकडे नवरा आणि बायको यांचे भांडण तेवढे डोळ्यांसमोर येते. चूक कोणाची, कोणी कोणाला टाकले, याचीच चर्चा होते. या भांडणात तिसरा एक पक्ष असतो. त्याच्या वतीने कोणी बोलत नाही आणि बैठकीलाही त्याला कोणी बोलावीत नाही. तो पक्ष म्हणजे मूल. कामगार आणि मालक यांच्यात करार घडवून आणण्याचे काम आम्ही आजवर करीत आलो. त्यावरून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, मुलाच्या पालनपोषणाचा खर्च हा दयेचा किंवा सूडाचा विषय नव्हे. पगाराच्या कराराप्रमाणे तो कलमवार, लेखी आणि हिशेबाने ठरविला पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. ऐपत असून अज्ञान मुलाचा सांभाळ न करणाऱ्या बापाला दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करता येतो. मूल औरस असो वा अनौरस, बाप कोणत्याही धर्माचा असो. हे कलम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ वे होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वे झाले आहे. हिंदूंसाठी १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने ही जबाबदारी आई आणि बाप या दोघांवरही टाकली आहे. मग दोघे कमावते असतील तर वाटा कसा पाडावा? २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशा एका खटल्यात बापाचा पगार आईच्या सुमारे दुप्पट होता. न्यायालयाने मुलांच्या खर्चाची वाटणी दोनास एक या प्रमाणात केली. हे तत्त्व साधे आहे आणि आम्हांस ते न्याय्य वाटते.

आता हिशेब मांडू. समजा, बापाला महिना ३०,००० रुपये मिळतात, आईला १५,०००, आणि चार वर्षांचे मूल आईजवळ राहते. मुलाचा महिन्याचा खर्च असा धरू : दूध व जेवणखाण ३,५००; शाळा, पुस्तके व रिक्षा २,५००; पाळणाघर ३,०००; औषधपाणी ५००; कपडालत्ता ५००; घरभाड्यातला वाटा २,०००. एकूण १२,०००. दोनास एक या हिशेबाने बापाचे ८,००० आणि आईचे ४,०००.

या यादीतील पाळणाघरावर हमखास तंटा होतो. “मूल सांभाळणे हे आईचे काम, त्याचे पैसे मी का देऊ?” असे बाप म्हणतो. ही रक्कम गाळून पाहा. उरलेल्या ९,००० पैकी बाप ६,००० देईल; आईला आपले ३,००० आणि पाळणाघराचे सगळे ३,००० भरावे लागतील. म्हणजे निम्मा पगार असणाऱ्या आईवर बापाइतकाच बोजा पडला. बरे, पाळणाघर बंदच केले तर? मग आईला कामावर जाता येणार नाही, तिचे १५,००० बुडतील, आणि मुलाचे सगळे ९,००० एकट्या बापावर येतील. वर तिची स्वतःची पोटगी निराळीच. तेव्हा पाळणाघराचा खर्च म्हणजे आईवर केलेला उपकार नव्हे. त्या खर्चामुळे दुसरा पगार चालू राहतो, आणि बापाच्याही पदरचे पैसे वाचतात. हे कायद्यानेही ओळखले आहे : २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. आजी मूल सांभाळत असेल, तर तिचेही श्रम फुकटचे समजू नयेत.

दुसरी गोष्ट महागाईची. १९७३ च्या संहितेत पोटगीला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. केंद्राच्या कायद्यातून ती २००१ साली निघाली. मधल्या अठ्ठावीस वर्षांत ५०० रुपयांची किंमत काय राहिली, हे गृहिणींना सांगावयास नको. आपण स्वतः करार करतानाही हीच मर्यादा नकळत घालून घेतो. चार वर्षांच्या मुलासाठी आज ठरलेला आकडा ते अठरा वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षे पुरावयाचा असतो. दरसाल सहा टक्के महागाई धरली तरी बारा वर्षांत किंमती दुप्पट होतात. परिस्थिती बदलल्यास कोर्टाकडून रक्कम वाढवून घेता येते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. त्यापेक्षा वाढीचे कलम मुळातच घालावे. कामगार महागाई भत्ता ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर मागतो, तोच निर्देशांक मुलाच्या दुधालाही लावता येतो.

करारात आणखी तीन कलमे असावीत. पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या बँक खात्यात जमा व्हावयाचे. शस्त्रक्रिया, शाळाप्रवेश असा अचानक खर्च आल्यास पावती दाखविल्यावर किती दिवसांत कोणी किती द्यावयाचे. आणि मे महिन्याच्या सुट्टीत, पाळणाघर बंद असता, मूल कोणी सांभाळावयाचे. मुलाची भेट आणि पैसे यांची सांगड मात्र घालू नये. पैसे थकले म्हणून भेट अडविणे, किंवा भेट झाली नाही म्हणून पैसे अडविणे, या दोहोंत उपास मुलालाच घडतो. “मला काही नको, फक्त सुटका द्या” असे म्हणून पुष्कळ स्त्रिया सही करतात. आईने आपला हक्क सोडला तरी मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

नुसत्या स्टँप कागदावरच्या लिखाणावर विसंबू नये. ते कोर्टापुढे ठेवून त्याचा हुकूमनामा करून घ्यावा, म्हणजे वसुली करता येते. साध्या कर्जापायी पगाराच्या सुमारे एक तृतीयांशावरच जप्ती येते. पोटगीच्या हुकूमनाम्यापायी दोन तृतीयांशापर्यंत येऊ शकते. १४४ कलमाखालच्या थकबाकीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. मिळकत लपविली जाते ही तक्रार नेहमीचीच. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन्ही पक्षांना मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरविले.

वकिलाला द्यावयास पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असते. आपल्या नात्यात किंवा चाळीत असा प्रसंग आला, तर मध्यस्थांनी दोष कोणाचा हे शोधण्याआधी कागद घ्यावा आणि मुलाच्या खर्चाची यादी लिहावी. दूध, शाळा, पाळणाघर, औषध, कपडे, भाडे. या यादीवर भांडणारी माणसेसुद्धा एकमेकांशी बोलू लागतात, कारण तीत दोघांपैकी कोणाचीच अब्रू पणाला लागलेली नसते.