छबिलदासचा हॉल

तुमच्या शाळेत एखादा हॉल असेल. तेथे परीक्षा होतात, बक्षीस समारंभ होतो, कधी कधी स्नेहसंमेलनही होते. शाळा सुटली की हॉलला कुलूप लागते. पण मुंबईतील एका शाळेच्या हॉलने मराठी नाटकाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवले आहे. ती शाळा म्हणजे दादरची छबिलदास शाळा. दादर स्टेशनच्या पश्चिमेला, गजबजलेल्या बाजाराजवळ ही शाळा आहे. दिवसा तेथे मुले शिकत आणि संध्याकाळी त्याच शाळेच्या हॉलमध्ये नाटके होत.

मराठीत 'प्रयोग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. विज्ञानाच्या तासाला तुम्ही प्रयोगशाळेत करता तोही प्रयोग आणि रंगमंचावर नाटक सादर करतात तोही प्रयोगच. छबिलदासच्या हॉलमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र आले. तेथे नाटकाचे प्रयोग होत आणि नाटकावरही प्रयोग होत. अशा नाटकांना 'प्रायोगिक नाटक' म्हणतात.

प्रायोगिक नाटकाला लहान जागा का लागते? मोठ्या नाट्यगृहात शेकडो खुर्च्या असतात. भाडे, जाहिराती, पडदे आणि दिवे यांवर पुष्कळ पैसा खर्च होतो. तो भरून निघण्यासाठी भरपूर तिकिटे विकली जावी लागतात. म्हणून निर्माता लोकांना हमखास आवडेल असेच नाटक निवडतो. त्यात त्याची चूक नाही. पण मग नव्या लेखकाने काय करावे? ज्याची पद्धत लोकांच्या ओळखीची नाही, असे नाटक कोणी करावे? एखादा प्रयोग फसला तरी फार नुकसान होणार नाही, अशी जागा त्यांना हवी असते.

१९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू केली. सुलभाताई छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. मुलांकडून नाटके बसवून घेता घेता त्या स्वतः मोठ्या अभिनेत्री झाल्या. १९७४ पासून 'आविष्कार'चे प्रयोग छबिलदासच्या हॉलमध्ये होऊ लागले. संस्थेने ही जागा फक्त आपल्यापुरती ठेवली नाही. दुसऱ्या नाट्यसंस्थाही तेथे आपली नाटके करू लागल्या. पाहता पाहता या कार्याला 'छबिलदास चळवळ' असे नाव पडले.

लहान जागेत नाटकाची रीतच बदलते. मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जावे म्हणून नट आवाज चढवतो, हातवारे मोठे करतो. लहान हॉलमध्ये प्रेक्षक अगदी समोर बसलेला असतो. त्याला नटाचा उसासा ऐकू येतो, डोळ्यांची हालचाल दिसते. तुम्ही मुशायरा पहिल्या रांगेत बसून ऐकला असेल, तर हा फरक तुम्हाला लगेच समजेल. मात्र जवळ बसलेल्या प्रेक्षकापासून काही लपवता येत नाही. खोटे रडू तो चटकन ओळखतो. म्हणून लहान रंगमंच हा नटाची खरी परीक्षा घेतो.

येथे भारी देखावेही लागत नाहीत. एका साध्या खुर्चीचे सिंहासन होते आणि तीच खुर्ची पुढच्या क्षणी तुरुंगाचे दार होते. उरलेले चित्र प्रेक्षक आपल्या मनाने पूर्ण करतो. बंगाली नाटककार बादल सरकार यांचे 'जुलूस' हे नाटक अमोल पालेकर यांनी मराठीत आणले. 'जुलूस' म्हणजे मिरवणूक, हे तुम्हाला सांगायला नकोच. या नाटकात नट उंच रंगमंचावर उभे राहत नाहीत. ते प्रेक्षकांच्या मधून फिरतात, त्यामुळे पाहणाऱ्याला आपणही त्या मिरवणुकीतच आहोत असे वाटते. मोठ्या नाट्यगृहातल्या पक्क्या खुर्च्यांच्या रांगांत हे कसे जमणार?

अशा जागेत अडचणीही असतात. शाळेचा हॉल शाळेसाठी बांधलेला असतो. नाटकाची मांडामांड करायची आणि प्रयोग संपला की सगळे आवरायचे, कारण सकाळी पुन्हा शाळा भरणार! नटांनीच सामान उचलायचे, खुर्च्या मांडायच्या. पैसा फारसा मिळत नाही. तरीही ही माणसे वर्षानुवर्षे काम करत राहिली.

१९९० नंतरच्या दशकात 'आविष्कार'ला छबिलदासचा हॉल सोडावा लागला. संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि तेथे तिचे काम पुढे चालू राहिले. पण हॉल सुटला तरी त्याचे नाव पुसले गेले नाही. आजही मराठी नाटकाचा इतिहास सांगताना 'छबिलदास' हा शब्द आदराने घेतला जातो. लक्षात घ्या, हे नाव एखाद्या राजवाड्याचे नाही. ते एका शाळेचे आहे.

मित्रांनो, उद्या शाळेत गेलात की आपल्या हॉलकडे पुन्हा एकदा पाहा. चार मित्र जमवा. तुमच्या मोहल्ल्यातील एखादी गोष्ट घ्या आणि तिचे लहानसे नाटक बसवा. उर्दूत करा, मराठीत करा किंवा दोन्ही भाषा मिसळून करा. पहिला प्रयोग चुकला तर दुसरा करा. मात्र आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि नाटक संपल्यावर बाके जागच्या जागी ठेवायला विसरू नका.