दुसऱ्या संगणकावर चित्रफीत का चालत नाही?

केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद असो किंवा शेजारच्या शाळेतील नमुना पाठ असो, आपल्या संगणकावर तयार केलेले सादरीकरण पेनड्राइव्हवर घालून तेथे नेण्याचा प्रघात नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षकांत आता चांगलाच रुळला आहे. अशा प्रवासात अक्षरे व स्थिर चित्रे बहुधा सुखरूप पोहोचतात. अडचण येते ती चित्रफितीची. घरी बिनतक्रार चालणाऱ्या चित्रफितीच्या जागी तेथे काळा चौकोन दिसतो, किंवा चित्र उमटते पण हालत नाही. ही यंत्राची लहर आहे असे समजण्याचे कारण नाही. या बिघाडाची कारणे मोजकी आहेत आणि ती ओळखण्याची रीतही सोपी आहे.

उदाहरणादाखल भूकंपाचा पाठ घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व लगतच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली व हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद, अशी बहुतेक घरे होती. ती झोपलेल्या माणसांवरच कोसळली. २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेडमध्येही जाणवले. तेव्हा हा पाठ केवळ इतिहासाचा नाही. हादऱ्याने दगडांची जोडणी कशी सुटते आणि मुलांनी खाली वाकून, डोके झाकून, बाकाचा पाय कसा धरून ठेवावा, या दोन्ही गोष्टी हालचालीच्या आहेत. स्थिर चित्रात त्या पुरत्या उतरत नाहीत. अशा पाठात चित्रफीत बंद पडली तर पाठाचा गाभाच हरवतो.

आता पहिले व सर्वांत मोठे कारण पाहू. सादरीकरणात चित्रफीत दोन प्रकारे ठेवता येते. एका प्रकारात ती सादरीकरणाच्या पोटातच साठवली जाते. दुसऱ्या प्रकारात सादरीकरण केवळ तिचा ठावठिकाणा, म्हणजे ती कोणत्या ड्राइव्हवर व कोणत्या फोल्डरमध्ये आहे, एवढेच नोंदवून ठेवते. यालाच लिंक म्हणतात. सातबाऱ्याचा उतारा पिशवीत घालून तालुक्याला नेता येतो, पण त्याबरोबर शेत येत नाही. तसाच हा प्रकार आहे. नव्या संगणकावर नोंदलेल्या ठिकाणी चित्रफीत नसते, म्हणून चौकोन रिकामा राहतो. पॉवरपॉइंटच्या २००७ व त्यापूर्वीच्या आवृत्तींत चित्रफीत अशी केवळ जोडलीच जात असे. २०१० च्या आवृत्तीपासून ती सहसा आत साठवली जाते; तथापि घालताना 'लिंक टू फाईल' हा पर्याय निवडल्यास आजही फक्त ठिकाणाचीच नोंद होते.

चित्रफीत आत आहे की बाहेर, हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली खूण फाईलच्या आकाराची. चित्रफीत ५० एमबीची आणि संपूर्ण सादरीकरण मात्र ३ एमबीचे असेल, तर चित्रफीत आत नाही हे उघड आहे. दुसरी खूण अशी की, 'फाईल' व त्यातील 'इन्फो' या पानावर लिंक दुरुस्त करण्याचा पर्याय दिसत असल्यास काही ना काही बाहेर राहिले आहे असे समजावे. अशा वेळी जुनी चित्रफीत स्लाइडवरून काढून ती नव्याने, लिंक न करता, घालावी. लिंकच ठेवावयाची असेल, तर आधी एक नवे फोल्डर करावे, सादरीकरण व चित्रफीत दोन्ही त्यात ठेवावी, मग चित्रफीत स्लाइडवर घालावी आणि संपूर्ण फोल्डर न्यावे. 'एक्स्पोर्ट' मधील 'पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी' हा पर्यायही जोडलेल्या फाईली एका फोल्डरमध्ये गोळा करून देतो. नाव सीडीचे असले तरी ते फोल्डर पेनड्राइव्हवर चालते.

यूट्यूबवरील चित्रफितीची गोष्ट वेगळी आहे. ती आत साठवलेली दिसली तरी प्रत्यक्षात इंटरनेटवरूनच येते. रेंज नसलेल्या गावी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

दुसरे कारण चित्रफितीच्या घडणीचे आहे. एमपी४ हे केवळ वेष्टनाचे नाव आहे. आतील चित्रे कोणत्या पद्धतीने दाबून बसवली आहेत ते त्यावरून कळत नाही. अलीकडचे कित्येक मोबाइल जागा वाचविण्यासाठी एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, या पद्धतीने चित्रण करतात. शाळेतील जुन्या संगणकास ती उलगडत नाही. मग आवाज येतो पण चित्र येत नाही, किंवा संदेश दाखवून चित्रफीत थांबते. चित्रण करण्यापूर्वीच मोबाइलच्या कॅमेऱ्यात एच.२६४ ही पद्धत निवडणे हा याचा उत्तम उपाय होय. चित्रण आधीच झाले असेल, तर ते एच.२६४ चित्र व एएसी ध्वनी असलेल्या एमपी४ मध्ये रूपांतरित करून घ्यावे.

तिसरे कारण आवृत्तीचे. सादरीकरण पीपीटीएक्स या प्रकारात जतन करावे. जुन्या पीपीटी प्रकारात जतन केल्यास आत साठवलेल्या चित्रफितीचे नुसते स्थिर चित्र उरते. ज्या शाळेत पॉवरपॉइंटऐवजी लिबरऑफिस आहे, तेथे मांडणीत व चित्रफितीत फरक पडू शकतो. म्हणून आपण जेथे जाणार तेथे काय बसवलेले आहे, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

कित्येकदा दोष सादरीकरणात नसून ते उघडण्याच्या रीतीत असतो. झिप केलेले फोल्डर न उलगडता आतली फाईल उघडली, तर तिला शेजारची चित्रफीत सापडत नाही. व्हॉट्सॲपवरून एकटे सादरीकरण पाठविले, तर लिंक केलेली चित्रफीत मागेच राहते. मेलवरून आलेल्या सादरीकरणावर पिवळी पट्टी दिसत असेल, तर पाठविणारा ओळखीचा आहे याची खात्री करून 'एनेबल एडिटिंग' दाबावे. चित्र अडखळत असेल, तर फोल्डर पेनड्राइव्हवरून संगणकावर उतरवून मगच चालवावे. चित्र आहे पण आवाज नाही, असे झाल्यास प्रोजेक्टरच्या केबलकडे लक्ष द्यावे. एचडीएमआय केबल जोडताच संगणक पुष्कळदा आवाजही प्रोजेक्टरकडे पाठवितो. आवाजाच्या खुणेवर जाऊन स्पीकर पुन्हा निवडावा.

निघण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. आपल्याच संगणकावर पेनड्राइव्हमधून सादरीकरण चालवून पाहिले म्हणजे झाले, असे समजणे फसवे आहे. कारण मूळ चित्रफीत तेथे जागच्या जागी असते व लिंक तिलाच शोधून काढते. म्हणून मूळ चित्रफीत ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचे नाव तात्पुरते बदलावे, आणि मग पेनड्राइव्हवरील प्रत उघडावी. चित्रफीत चालली तर ती खरोखरच बरोबर आली आहे. नाही चालली, तर दोष घरीच सापडला. चित्रफितीच्या घडणीचा दोष मात्र या परीक्षेत कळत नाही. त्यासाठी एखाद्या सहकाऱ्याच्या जुन्या संगणकावर ती एकदा चालवून पाहावी.

एवढे करूनही चित्रफितीची एक सुटी प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. ऐनवेळी स्लाइडवरील चौकोन काळाच राहिला, तर व्हीएलसीसारख्या साधनाने ती प्रत वेगळी चालविता येते. व्हीएलसी एच.२६५ चित्रणही उलगडते. संगणक फार जुना असल्यास मात्र चित्र अडखळते.

आणि वीजच गेली तर? भूकंपाचा पाठ तरीही थांबत नाही. मातीचा गिलावा व लहान दगड यांची वीतभर भिंत पाटावर रचून पाट हालविला, तर दगड कसे सुटतात ते पहिलीच्या मुलालाही दिसते. बाक असल्यास त्याखाली, नसल्यास भिंतीपासून दूर, गुडघ्यांवर वाकून दोन्ही हातांनी डोके व मान झाकण्याचा सराव अंगणातही घेता येतो. चित्रफीत नीट नेण्याची खटपट अवश्य करावी. परंतु घरी जाताना मुलाच्या अंगी तो सराव उतरला पाहिजे, हे शिक्षकांनी विसरू नये.