एक डोंगर, अनेक नावे

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरवर जोतिबाचा डोंगर आहे. कोणी त्याला जोतिबा म्हणतो, कोणी ज्योतिबा लिहितो, कोणी केदारनाथ. सरकारी दप्तरात गावाचे नाव आहे वाडी रत्नागिरी. चैत्री यात्रेला निघालेल्या माणसाचा यामुळे काही घोटाळा होत नाही. संगणकाचा मात्र होतो!

समजा, तुमच्या शाळेने या डोंगराविषयी एक संकेतस्थळ तयार केले. त्याचे मुखपृष्ठ नुसत्या '/' या पत्त्यावर उघडते, '/होम' वर उघडते आणि '/इंडेक्स' वरही. आपल्याला तिन्ही ठिकाणी एकच पान दिसते. पण संगणकाच्या लेखी पत्ते तीन, म्हणून पानेही तीन. ब्राउझर त्याच मजकुराच्या वेगवेगळ्या प्रती साठवतो. वाचकांची मोजणी तीन जागी विभागली जाते. यातले खरे पान कोणते, हे शोधयंत्राला अंदाजाने ठरवावे लागते.

यावर उपाय काय? ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर आधी तीन अंकी क्रमांक पाठवतो. २०० म्हणजे 'हे घ्या पान'. ३०१ म्हणजे 'हे पान कायमचे दुसऱ्या पत्त्यावर गेले आहे'. सोबत नवा पत्ताही असतो आणि ब्राउझर आपण होऊन तिकडे वळतो. कोणत्या पत्त्याला काय उत्तर द्यायचे, याची एक यादी सर्व्हरवरील कार्यक्रमात असते. तिच्यात '/होम' आणि '/इंडेक्स' यांच्यापुढे पान न ठेवता '३०१, जा / कडे' एवढेच लिहायचे. मात्र '/' पासून पुन्हा '/होम' कडे पाठवू नका. तसे केले तर ब्राउझर गोल गोल फिरत राहतो आणि काही फेऱ्यांनंतर कंटाळून थांबतो.

आणखी एक खाचखळगा आहे. ३०१ हे उत्तर ब्राउझर लक्षात ठेवतो. तुम्ही चुकीचा पत्ता दिलात आणि नंतर सुधारलात, तरी जुन्या वाचकाचा ब्राउझर चुकीच्याच वाटेने जात राहू शकतो. म्हणून चाचणी करताना ३०२ वापरावा. यात्रेच्या गर्दीत वाहने तात्पुरती दुसऱ्या रस्त्याने वळवतात, तसा त्याचा अर्थ.

सर्वांत मोठा मोह वेगळाच असतो. अनोळखी पत्ता आला की सरसकट मुखपृष्ठाकडे धाडायचे! हे मला मुळीच पसंत नाही. कोकणातल्या रत्नागिरीला निघालेल्या प्रवाशाला, नाव जुळते म्हणून, वाडी रत्नागिरीला उतरवून दिले तर? सारख्या नावांचा हा घोळ टपाल खात्याला चांगलाच परिचित होता. म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. संकेतस्थळावर जे पान नाहीच, त्यासाठी ४०४, म्हणजे 'सापडले नाही', हेच उत्तर द्यावे. नाहीतर आपण मागितलेले पान अस्तित्वातच नाही, हे वाचकाला कधी कळणारच नाही.

शाळेच्या संगणकावर हे पाहता येईल. ब्राउझरमध्ये एफ १२ ही कळ दाबून 'नेटवर्क' हा भाग उघडा. एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपीएस' मधला शेवटचा 'एस' गाळून टाइप करा. पुष्कळदा पहिल्या ओळीत ३०१, ३०२, ३०७ किंवा ३०८ दिसेल आणि तिच्याखाली २००.