भाताची मुदत, कर्जाची मुदत

मावळातले शिरगाव बाहेरगावी ओळखले जाते ते प्रतिशिर्डीच्या साईमंदिरामुळे. सोमाटणे फाट्यावरून येणाऱ्या गाड्या थेट मंदिराकडे जातात. पण हा मूळचा पवनाकाठचा भाताचा मुलूख. 1987 मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ ही आज सगळ्या मावळची ओळख आहे. या परिसरात पैशाची गरज एका प्रकारची नाही. हारवाल्याला पैसा रोज पहाटे लागतो आणि रात्रीपर्यंत तो सुटा होतो. भातवाल्याचा पैसा जूनमध्ये चिखलात जातो आणि दिवाळीनंतर हाती येतो. हरितगृहात गुलाब लावणाऱ्याचा पैसा पाच-पाच वर्षे अडकून राहतो. कर्ज देणाऱ्याने ही मुदत ओळखली, तर कर्ज माणसाला उभे करते. नाही ओळखली, तर तेच कर्ज त्याला जमिनीवरून उठवते.

पुणे जिल्ह्याने याची किंमत मोजलेली आहे. 12 मे 1875 रोजी भीमथडीतल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जाचे कागद जाळले. पीक येवो की बुडो, सरकारी सारा रोखीत भरावा लागे. हातात रोकड नसे, म्हणून सावकार. आणि सावकाराचे व्याज पिकासाठी थांबत नसे. दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला, 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पण कायद्याने सावकाराचा हात आखडला, तरी बियाण्याला पैसा कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याने दिले: गावानेच गावाला कर्ज द्यावे. पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक 1917 ची. तरीही वाट लांबच होती. 1954 मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीचा अहवाल आला, तेव्हा देशातल्या शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला आणि सावकारांचा सुमारे 70. ही पाहणी करणाऱ्या समितीत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. सहकार फसला आहे, पण तो यशस्वी व्हायलाच हवा, असा समितीचा निष्कर्ष होता. गावाला पीककर्ज देणारी आजची विविध कार्यकारी सोसायटी त्या आग्रहातून वाढली.

या सोसायटीचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. सभासदाचा सातबारा आणि आठ-अ पाहून कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र आहे हे गटसचिव लिहून घेतो. भाताला एकरी किती, उसाला किती, हे कर्जदर जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. क्षेत्र गुणिले दर, असा हिशेब होऊन प्रत्येकाची मर्यादा ठरते. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमात त्यात घरखर्चासाठी 10 टक्के आणि शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी 20 टक्के जास्तीचे धरले जातात. शेतकऱ्याचे घर आणि शेत यांचा खर्च वेगळा काढता येत नाही, हे ओळखणारा हा नियम मला फार मोलाचा वाटतो. मग सभासद इकरार करून देतो, सातबाऱ्यावर बोजा चढतो. जिल्हा बँक सोसायटीला कर्ज देते, सोसायटी सभासदाला. जिल्हा बँकेच्या वर राज्य सहकारी बँक, आणि तिच्यामागे 1982 पासून नाबार्ड.

खरिपाच्या कर्जाची परतफेड 31 मार्चपर्यंत करायची असते. कार्तिकात भात कापले, झोडले, भरडले आणि विकले, तरी हातात तीन-चार महिने उरतात. या रचनेचा खरा कणा हा आहे. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर 7 टक्के. वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राची 3 टक्के सवलत मिळते आणि उरलेले व्याज पंजाबराव देशमुख योजनेतून राज्य भरते. म्हणजे वेळ पाळणाऱ्याला पैसा बिनव्याजी पडतो. मार्चअखेरीस गावोगाव 'जुनं-नवं' करण्याची धावपळ चालते ती यासाठीच. कोणाकडून चार दिवसांचे उसने घेऊन जुने खाते भरायचे आणि नवे कर्ज उचलायचे. ज्याला ते जमत नाही, तो थकबाकीदार होतो. सवलत जाते, पुढचे कर्ज थांबते आणि प्रकरण सहकार कायद्याच्या कलम 101 खालच्या वसुली दाखल्यापर्यंत पोचते.

सोसायटीचे कर्ज भाताच्या मापाने बेतलेले आहे. अडचण येते ती भाताच्या पुढे जाऊ पाहणाऱ्याला. तळेगावात एमआयडीसीचे पुष्पोद्यान आहे. फेब्रुवारीत मावळचा गुलाब परदेशी जातो. पण हरितगृहाचा सांगाडा, प्लास्टिक, ठिबक, रोपे असा सारा खर्च पहिले फूल खुडण्याआधी झालेला असतो. तिथे प्रकल्प अहवाल, स्वतःचा हिस्सा, गहाणखत आणि कित्येक वर्षांचे मुदत कर्ज लागते, आणि त्यासाठी व्यापारी बँकेचे दार ठोठावावे लागते. खेड्याला लांब मुदतीचा पैसा देणारी खास संस्था म्हणजे भूविकास बँक; ती अवसायनात काढण्याचा निर्णय राज्याने 2015 मध्ये घेतला. ती जागा अजून पुरती भरलेली नाही. 2020 पासूनचा कृषी पायाभूत सुविधा निधी थोडी वाट दाखवतो: 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे 3 टक्के व्याज सवलत, आणि हप्ते सुरू होण्याआधी सहा महिने ते दोन वर्षांची उसंत. गावातली भातगिरणी किंवा गोदाम सोसायटीलाही त्यातून उभारता येते. मंदिराबाहेरच्या छोट्या विक्रेत्यासाठी 2015 पासून मुद्रा कर्ज आहे आणि बायकांचे बचत गट 1992 पासून बँकांशी जोडले जात आहेत.

काही कामे मात्र कोणत्याच मुदतीत बसत नाहीत. शिरगावजवळच्याच तळेगाव दाभाड्यात 1908 मध्ये काच कारखाना उभा राहिला, तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला; लोकमान्य टिळकांनी ती कल्पना उचलून धरली. परदेशात काचेचे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टी लावली. कारखान्याबरोबर तिथे काचकाम शिकवले जाई, आणि तिथे घडलेले कारागीर देशभरच्या कारखान्यांत गेले. नवा धंदा शिकताना माल फुटतो, भट्टी विझते, वर्षे जातात. त्या वर्षांचे व्याज कोणताही सावकार सोडत नाही. परत न मागितलेल्या पैशानेच ते शिक्षण परवडले.

दीडशे वर्षांच्या या अनुभवातून मावळच्या तरुणाने एक गोष्ट घ्यावी. बँकेत गेल्यावर सगळे आधी व्याजाचा दर विचारतात. त्याआधी पहिला हप्ता कधी, हे विचारावे, आणि आपल्या कामातून पहिला रुपया कधी सुटणार, ते कागदावर मांडावे. हप्ता त्या तारखेच्या अलीकडे पडत असेल, तर स्वस्त कर्जही महाग पडते. आणि सोसायट्यांनी, जिल्हा बँकेने भाताइतकाच चोख हिशेब गुलाबाचा, गिरणीचा, गोदामाचाही मांडायला शिकावे. शेजाऱ्याचे शेत ओळखणारी संस्था गावात आहे. तिला लांब मुदतीचे बळ मिळाले, तर मावळच्या पोरांना धंद्यासाठी बापाची जमीन विकावी लागणार नाही.